शेपटाकडचा हिशेब

ऑफिसात नव्या आलेल्या हर्षाने कॉम्प्युटरवर लावलेलं बटण चारचौघांत चुकलं असतं तर अनुपच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पहिली म्हणजे खुर्ची. ती कुणी त्याच्याकडून काढून घेतलेली नव्हती, अजूनही तोच तिच्यावर बसत होता. पण आत येणारा माणूस आता आधी हर्षाच्या टेबलाकडे बघायचा, आणि खुर्ची म्हणजे शेवटी बघणाऱ्यांच्या नजरा, लाकडाचं काय. मग अध्यक्ष तुलारामभाऊंचं ‘आता कसं करावं गा सर?’ हे वाक्य. ते कानावर पडलं की अनुपच्या पोटात काहीतरी गरम उतरायचं. तो त्याला जबाबदारी म्हणायचा. आपण भूक म्हणू. शिवाय घरी जेवताना बायकोच्या तोंडून हर्षाचं नाव निघणं बंद झालं असतं, निदान तो हंगाम सरेपर्यंत. आणि सगळ्यात तळाशी, जे त्याने स्वतःशीही कधी पुरतं बोलून दाखवलं नव्हतं, ते म्हणजे हर्षाचा चेहरा. रडका नव्हे, अनुप इतका वाईट नव्हता. नुसता गोंधळलेला, आणि वळून त्याच्याकडे पाहणारा. या सगळ्यासाठी त्याला करायचं काहीच नव्हतं. काही न करण्यातच मिळकत असली की माणसाला सज्जनपणावर ओरखडाही न उमटता श्रीमंत होता येतं. आणि अनुप सज्जन होताच, लाखांदुरात कुणालाही विचारा.

लाखांदुरात खताच्या दुकानावरच्या एका खोलीत बेलबोडी तलाव पाणीवापर संस्थेचं ऑफिस होतं. तलाव दिघोरीच्या अंगाला. उन्हाळी धानाला त्याचं पाणी कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी, कुणाच्या मागून, किती वेळ, ही पाळी लावायचं काम संस्थेचं. पूर्वी ते तोंडी चालायचं आणि काठ्यांवर संपायचं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळं झालं त्या धांदलीत तलावाचे जुने नकाशे कुठल्याशा कपाटात बसून तिकडे गेले ते परत आले नाहीत. तेव्हा नागपुरातून नुकत्याच शिकून आलेल्या अनुपने पायी फिरून एकेका बांधीची उंची नव्याने घेतली आणि त्यावर एक प्रोग्राम लिहिला. त्यात तलावातलं पाणी भरायचं, बांध्या भरायच्या, बटण दाबायचं. बटण दाबलं की कॉम्प्युटरचा पडदा पांढरा पडायचा. कुठेही दाबलं तरी काही हलायचं नाही, नुसतं एक चक्र फिरत राहायचं. शिकलेल्या माणसाच्या लेखी हा दोष आहे. हिशेब करणं आणि पडदा राखणं ही दोन्ही कामं अनुपने एकाच गड्याच्या गळ्यात घातली होती. गडी हिशेबात गुंतला की पडद्याकडे बघायला कुणी उरायचं नाही. पण दिघोरीहून एसटीने आलेल्या माणसांना दोष दिसला नाही. त्यांना मशीन विचार करताना दिसली. मोठमोठी माणसं, ज्यांच्या बांध्या थेट तलावाच्या अंगाला लागून, ती सतरंजीवर मांड्या घालून गप बसायची. चहा यायचा. कुणी मोठ्याने बोललं तर दुसरा त्याला डोळ्यांनी दाबायचा. आणि खुर्चीत, हाताची घडी घालून, ऑपरेशनच्या खोलीबाहेर आलेल्या डॉक्टरसारखा अनुप. ‘अजून जरासा वेळ लागेल,’ एवढंच तो म्हणायचा, आणि माना हलायच्या. त्या वाट पाहण्याच्या वेळातच, वर्षाकाठी थोडाथोडा करून, डोमाचा पोरगा अनुपसर झाला. कुणी एका दिवसात त्याला ते केलेलं नव्हतं. पांढऱ्या पडद्याने केलं होतं.

डोमा म्हणजे अनुपचा बाप, आता नाही. त्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, जुन्या घडणीचं: पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, पायरीला भोक, भोकात लाकडी दट्ट्या. पाणी सोडायचं म्हणजे कुणीतरी बुडी मारून दट्ट्या उपसायचा, आणि हे कुणीतरी म्हणजे नेहमी डोमा. वरच्या आळीतली माणसं पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी, छत्र्या, पंचे, विड्या. खाली काळं पाणी, आणि त्यात डोमा गेला ती जागा. पोरगा अनुप पाण्याकडे बघायचा नाही. तो पाण्याकडे बघणाऱ्यांकडे बघायचा. इतकी माणसं श्वास धरून एकाच ठिकाणी बघताहेत, आणि त्या ठिकाणी आपला बाप आहे, आणि आपण नाही, याचं त्या वयात त्याला जे काही झालं त्याला अभिमान हे नाव पुढे पुष्कळांनी दिलं, सत्काराच्या भाषणात तर खुद्द त्यानेच दिलं. पण आत जे टोचत होतं तो अभिमान नव्हता. मग बुडबुडे यायचे, पाटात धो धो पाणी उसळायचं, आणि सगळी पार क्षणात पाठ फिरवून पाण्यामागे धावायची. डोमा पायरीवर एकटाच धोतर पिळत उभा असायचा. त्याला वर ये म्हणणारंही कुणी उरायचं नाही. अनुपने तेव्हाच मनाशी काहीतरी ठरवलं असणार. काय, ते त्याला शब्दांत कधी आलं नाही, पण पडदा पांढरा पडला आणि माणसं बसून राहिली तेव्हा त्याला वाटलं होतं, बाबा, माझ्याकडे बघतात ते उठून जात नाहीत.

आणि ती माणसं उठून गेली. झालं ते एवढंच, याहून मोठं काही नाही. हर्षा अड्याळची, शेतकऱ्याची पोर, नागपुरात कंपनीत चार वर्षं काढून नवऱ्याच्या बदलीपायी इकडे आलेली. संस्थेने तिला मदतीला म्हणून घेतलं. तिने दोन महिने काही केलं नाही, नुसतं वाचलं. मग एका सोमवारी तुलारामभाऊ माणसं घेऊन आले, अनुपने बटण दाबलं, हाताची घडी घातली, आणि पडदा पांढरा पडलाच नाही. खाली एक हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. तिच्या शेजारी एक नवं बटण होतं: थांबवा.

‘आँ! हे तं हलून राहिलं गा!’ तुलारामभाऊ.

‘हिशेब मागे चालू राहतो भाऊ,’ हर्षा म्हणाली. ‘तोवर पडदा मोकळा. कुणाच्या बांधीचं काही पाहायचं असेल तर पाहा. तुम्हाला बसून राहायची गरज नाही. काही चुकलं तर थांबवा दाबायचं, नव्यानं लावायचं.’

‘म्हणजे मी पंचायत समितीत जाऊन येऊ शकतो?’

‘खुशाल.’

‘अरे मंग कायले बसून राहिले सगळे? चाला!’ आणि सतरंजी रिकामी झाली. कुणी बाजारात गेलं, कुणी युरियाचा भाव विचारायला खाली. चहावाला चहा घेऊन आला तेव्हा खोलीत अनुप होता, हर्षा होती आणि हिरवी पट्टी. ‘मले सांगायचं तरी,’ म्हणत त्याने किटली तशीच खाली नेली. अनुपने हाताची घडी सोडली. ती सोडल्यावर हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना. पट्टी फार छान सरकत होती, हे त्याला मान्य करावंच लागलं, आणि मान्य करताना दाताखाली खडा यावा तसं झालं. हे त्याला येत नव्हतं असं नाही. येत होतं. पुस्तकात वाचलं होतं, करायचं म्हणून ठेवलं होतं, मागच्या उन्हाळ्यात करणारच होता. आपल्याला येत असलेली गोष्ट दुसऱ्याने केली की ती येत नसल्यापेक्षा जास्त झोंबते. माणूस अडाणी असेल तर निदान टाळ्या वाजवू शकतो.

तुलारामभाऊंना पुढे एकदा तिने समजावून सांगितलं. अनुप पाठमोरा होऊन कागद लावत होता, पण कान काही कागद लावत नव्हते. हिशेबाला वरून एकदम मारून टाकता येत नाही, ती म्हणाली. मारला तर अर्धवट लिहिलेलं तसंच लोंबकळत राहतं. त्याला सांगून ठेवायचं की थांब; आणि त्याने आपलं काम करता करता मधे मधे मान वर करून बघायचं, कुणी थांब म्हटलंय का. म्हटलं असेल तर हातातलं नीट ठेवून उठायचं.

‘म्हणजे हा बैल नाही,’ तुलारामभाऊ म्हणाले. ‘कासरा ओढला आन् थांबला, तसं नाही. हा सालगडी आहे. आवाज देऊन ठेवायचा, त्याच्या कानावर येईन तवा येईन.’

हर्षा मोकळेपणी हसली. ‘बरोब्बर. आणि मान वर करायची जागा आपणच त्याला नेमून द्यायची.’

त्या जागांबद्दलच ती अनुपकडे आली होती. हिशेब अनुपचा, त्याच्या पोटात कुठे कुठे लांबचे फेरे आहेत ते त्यालाच ठाऊक. एक फेरा सगळ्या बांध्यांवरून, एक पाटाच्या फाट्यांवरून. तिथे तिने ‘थांब म्हटलंय का’ ही विचारणा घातली होती. ‘सर, अजून कुठं आहे का, जिथं तो लांब गुंतून पडेल?’ होती. शेपटाकडच्या बांध्या, पाटाच्या अगदी शेवटी असलेल्या, त्यांची उलटसुलट अदलाबदल करून पाहणारा एक भाग होता, आणि सगळा वेळ तोच खायचा. घाईत त्याला अनुपने असं नाव देऊन ठेवलं होतं की वाचणाऱ्याने दुर्लक्षच करावं. अनुप चष्मा पुसत होता. चष्मा पुसताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, ही त्या कामातली सोय. ‘हे दोन मुख्य,’ तो म्हणाला. खोटं नव्हतं. ती म्हणाली, ‘थँक्यू सर,’ आणि त्या थँक्यूत एवढीसुद्धा शंका नव्हती. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. तिने जरा संशयाने पाहिलं असतं तर त्याने सांगूनही टाकलं असतं.

त्याने स्वतःला काय सांगितलं तेही टिपून ठेवायला हवं. एखाद्या दिवशी कुणीतरी नेमकं त्या भागात थांबवा दाबेल. पट्टी जाईल, पण मशीनचा पंखा घोंघावत राहील, सगळं जड होईल, हर्षा गोंधळेल, आणि आपण म्हणू, सरका, मी पाहतो. पाच मिनिटांत दुरुस्त. नुकसान कुणाचं? कुणाचंच नाही. हा बेत त्याने इतक्या वेळा मनात चालवला की तो झिजून गुळगुळीत झाला. दाढी करताना चालवला, विहारात बुद्धवंदनेला बसला असताना चालवला, आणि डोळे मिटलेले असल्यामुळे तिथे तो फारच स्पष्ट दिसला. मधेच त्याला जाणवायचं की हे पुरे, आता थांबावं. आणि तो थांबायचाही, म्हणजे वर्तमानपत्र उचलायचा, बातमी वाचायचा. पण बातमीच्या मागे ते चालूच असायचं. घरी बायको, रीना, भाकरी वाढताना म्हणाली, ‘तुमची हर्षा भेटली होती स्टँडवर. लगित हुशार आहे बाप्पा, आन् गर्व म्हणून नाही.’

‘माझी कायची?’

‘ऑफिसातली म्हणून म्हटलं. काहून चिडून राहिले?’

‘चिडलो कुठं?’

‘भाकर कुस्करून राहिले ना.’ बायका ज्या दिशेला संशय घेतात त्या दिशेला तिने घेऊन पाहिला, तिथे काही सापडलं नाही, आणि ती निर्धास्त हसली. ‘हर्षा म्हणे का सरांचं काम पाहूनच मी शिकली.’ स्तुतीतूनही हर्षा अनुपच्या पुढे निघून गेली होती.

पोटरीचे दिवस आले. धान गर्भात असताना बांधीत पाणी नसलं की लोंबी भरत नाही, नुसतं टरफल उभं राहतं. म्हणून त्या एका पाळीवर सगळ्यांचे डोळे. बैठकीला खोली भरली. तलावाच्या अंगाचे मोठे बांधीवाले आले, आणि दिघोरीहून पहिल्याच एसटीने शेपटाकडच्या बायका आल्या: कुंताबाई पुढे, आणि तिच्या सोबतीला म्हणून अनुपची आई पार्वताबाई. पार्वताबाईची स्वतःची शेती नव्हती. ती दिघोरीला जुन्या घरी राहत होती, कुंताबाई तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. शेपटाकडच्या जमिनी सगळ्या त्यांच्याच मोहल्ल्यातल्या. पाणी पहिल्यांदा लागतं अशा जमिनी वरच्या आळीला कधीच्या वाटल्या गेल्या होत्या. यांना मागून मिळाल्या त्या पाट संपतो तिथल्या.

हर्षाने हिशेब लावला. हिरवी पट्टी पाऊण भागापर्यंत आली तेव्हा कुंताबाई उभी राहिली. ‘आमचं इचारात घेतलं का बाई? आमची रोवणी मागून झाली, पण हलका, लवकर येणारा धान लावला. तो आताच गर्भात आला. वरच्यायचा भारी धान, त्यायले अजून आठ दिवस दम आहे. आमचं आठ दिवसानं आलं तं ते पाणी कायले पाह्यजे? पाय धुवाले?’

कुणीतरी हसलं. तुलारामभाऊ हसले नाहीत. माणूस वरच्या आळीचा, पण धान ओळखणारा. ‘खरं आहे ना गा तिचं,’ ते म्हणाले. ‘थांबव बाई ते. शेपटाले पह्यले टाक आन् नव्यानं लाव.’

हर्षाने थांबवा दाबलं. पट्टी गेली. अनुपला पंखा ऐकू आला.

तो तसाच घोंघावत होता. पाऊण पट्टी, म्हणजे नेमकी ती जागा. अनुपच्या तळहातांना घाम फुटला, नवरदेवाला फुटावा तसा. आता. आता सगळं जड होईल, आता ती वळेल. हर्षाने शेपटाच्या बांध्या वर घेतल्या, पुन्हा लावलं. आणि काहीच जड झालं नाही. नवी मशीन तिनेच मागच्या महिन्यात संस्थेला घ्यायला लावली होती, तिच्यात दोन हिशेब शेजारी शेजारी सहज चालायची ताकद होती, हे तो विसरला होता. शेपटाची जागा आधीच ठरवून दिल्यामुळे नव्या हिशेबाला शोधायला फारसं उरलंच नाही. बघता बघता तो आटोपला. हर्षाने यादी मोठ्याने वाचली. पहिलं नाव कुंताबाईचं. ‘धन्य आहे माय तुयी!’ कुंताबाईने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. पार्वताबाई म्हणाली, ‘पोरगी ऐकून घेते बाप्पा. आमच्या सराले तं इचारायचं भेव वाटते,’ आणि हे तिने कौतुकाने, मुलाकडे बघून, हसत म्हटलं. खोली हसली. चहा आला. सगळी माणसं हर्षाभोवती, तिने कपाळावरचे केस मागे सारले, कुणाची तरी बशी धरली. पडद्याकडे तिची पाठ.

पडद्याकडे अनुप एकटा बघत होता, म्हणून त्याला दिसलं. यादी हलली. किंचित, वाऱ्याने कागद हलावा तशी, आणि नावं बदलली. थांबवलेला पहिला हिशेब थांबलेला नव्हता. तो शेपटाच्या बांध्या उलटसुलट करत खाली मान घालून बसला होता, आत्ता त्याचं काम संपलं, आणि त्याने आपलं उत्तर आणून नव्या उत्तराच्या जागी इमानदारीने ठेवलं. थांबवलेला हिशेब उत्तर देणार नाही असं हर्षाने धरलं होतं, आणि धरण्यासारखंच होतं ते. आता वर तलावाच्या अंगाचे सगळे. कुंताबाई आणि तिच्या सोबतिणी तळाशी. पंखा मंदावत मंदावत गप झाला. अनुपचं तोंड उघडलं. खरंच उघडलं, हे त्याच्या जमेला धरायला हरकत नाही. पण बोलायचं काय? यादी बदलली म्हटलं की हर्षा विचारणार, का बदलली. आणि का हे ज्याला लगेच सांगता येतं त्याने ते आधीच का सांगितलं नव्हतं? त्याच्या बेतात ती गोंधळणार होती आणि तो सावरणार होता. इथे ती हसत होती आणि गोंधळला होता तो. आणि तेवढ्यात आईचं ते भेव वाटते पुन्हा कानात वाजलं. त्याने चहाचा घोट घेतला. हर्षा गर्दीतून हात लांब करून म्हणाली, ‘सर, जरा प्रिंट देता?’ प्रिंटचं बटण त्याच्याच हाताशी होतं. त्याने दिली. कागद त्याच्याच हातातून तुलारामभाऊंकडे गेला, त्यांनी न वाचता खाली सही ठोकली, कारण वाचून तर झालं होतं.

संस्थेचा एक नियम होता, आणि तो काठ्यांच्या दिवसांनी शिकवलेला: तोंडची पाळी चालत नाही, कागदाची चालते. तुडमाजवळच्या फळीवर सहीचा कागद लागला की पाळी पुरी होईपर्यंत त्यात कुणी बोट घालायचं नाही, खुद्द अध्यक्षाने नाही. पाणी सुटलं. पाटकऱ्याने कागद पाहून वरच्या बांध्यांना तोंडं उघडून दिली. कुंताबाई आपल्या धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, पदर खोचून उभी. तिने पाटकऱ्याला गाठलं तर तो म्हणाला, ‘मावशे, कागदावर तुयं नाव सगळ्याच्या मागं आहे, मी काय करू?’ वाचता न येणारी बाई कागदाशी कशी भांडणार. ती पार्वताबाईकडे आली, आणि पार्वताबाईने मुलाला फोन लावला.

‘अनुप, त्या पोरीनं तं कुंताचं नाव पह्यलं वाचलं होतं ना बा? मंग असं कसं?’

खिडकीतून अनुपला स्टँडवर लागलेली दिघोरीची एसटी दिसत होती. कंडक्टर दारात उभा राहून कुणाला तरी हात करत होता. एक वाक्य. आज सांगितलं असतं तर नियम मोडून का होईना, तुलारामभाऊंनी पाणी वळवलं असतं. धान ओळखणारा माणूस. ‘कागदावर असेल तसंच होईल माय,’ अनुप म्हणाला.

‘म्हणजे मशीननं मागून आपला इचार बदलला?’

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिकडून आईचा आवाज आला, फोनपासून जरा दूर, शेजारणीशी बोलणारा: ‘मशीननंच बदलला म्हणते वो. काहीतरी पाह्यलं असन तिनं.’ आणि कुंताबाईचा: ‘असन. आपल्याले काय समजते.’ वरच्या आळीच्या माणसाने नाव खाली टाकलं असतं तर कुंताबाई संस्थेच्या दारात येऊन कपाळ फोडून घेती. मशीनने टाकलं म्हणून ती घरी गेली. हा विश्वास अनुपने वर्षानुवर्षं हाताची घडी घालून पिकवला होता, आणि त्याचं पीक हे असं आलं. फोन ठेवल्यावर त्याला हर्षाचा राग आला. तिनेच पुन्हा यादी वाचून बघायला नको होती? प्रिंटपूर्वी एकदा? हुशार ना?

हर्षाला कळलं तेव्हा वरच्या बांध्या काठोकाठ भरून पाणी शेपटाकडे निघालं होतं आणि शेपटाकडच्या लोंब्या बाहेर पडून पांढऱ्या दिसू लागल्या होत्या. ती स्वतः दिघोरीला जाऊन पाहून आली. आल्यावर कुणाशी न बोलता तिने तोच आकडा, तीच वेळ, तसंच थांबवा, असं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दुपारपर्यंत यादी तिच्या डोळ्यांदेखत हलली. संध्याकाळच्या आत तिने तो भलत्या नावाआड लपलेला भाग शोधून काढला. अनुप कपाटाशी उभा होता, काही न शोधता.

‘सर,’ ती म्हणाली. ‘इथं विचारणा घालायची राहिली.’

‘दाखवा.’ त्याने वाकून पाहिलं. स्वतःच लिहिलेलं होतं. ‘हं.’

‘हा एवढा लांबचा फेरा आहे, हे तुमच्या ध्यानात होतं का तेव्हा?’

तिने हे पडद्याकडे बघत विचारलं, त्याच्याकडे नाही. आवाजात आरोप नव्हता, पण थँक्यूतला तो भरवसाही नव्हता. ती दार किंचित उघडं ठेवून उभी होती. माणसाने आत यायचं तर यावं. अनुपला बाप आठवला नाही, आई आठवली नाही, बुद्धवंदनाही नाही. त्याला दिसलं ते इतकंच की ती आता गोंधळलेली आहे आणि त्याच्याकडे वळते आहे, अगदी जसं हवं होतं तसं, आणि ते हवंहवंसं मुळीच वाटत नाहीये.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘जुनं काम. विसरलो होतो.’

ती वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं. ‘मग माझंच चुकलं,’ ती सावकाश म्हणाली. ‘सगळं वाचूनच बटण लावायला पाहिजे होतं मी.’ आणि पुढच्या बैठकीत तिने उभं राहून सगळ्यांसमोर हेच सांगितलं, त्याच शब्दांत, त्याचं नाव न घेता. वरच्या आळीतला एकजण म्हणाला, जुनंच बरं होतं, अनुपसरांचं. बाकीच्यांनी माना हलवल्या. तुलारामभाऊ म्हणाले, ‘आता कसं करावं गा सर?’ ठरलं की थांबवा काढून टाकावं, हिशेब पूर्वीसारखा पडदा अडवूनच चालू द्यावा. हर्षाने स्वतःच्या हाताने काढलं. पडदा पुन्हा पांढरा पडू लागला, सतरंजी पुन्हा भरली, अनुपने पुन्हा हाताची घडी घातली. घरी रीनाने तिचं नाव काढणं सोडलं. एकदाच म्हणाली, ‘बिचारी,’ आणि वरण वाढलं.

तर जमा सगळी आली, ठरल्याप्रमाणे, अनुपच्या नावावर. आता भरणा कुणी केला ते. कुंताबाईने भरला: कापणीला लोंब्या हातात हलक्या लागल्या, मळणीत वाऱ्याने अर्ध्याहून अधिक उडवून नेलं, उरलं ते तिने पोत्यात भरलं आणि पोतं उभं राहीना. त्या साली ती वरच्या आळीतल्यांच्या कापणीला मजुरीने गेली. हर्षाने भरला: ती पवनीला दुसरीकडे लागली, आणि तिथे म्हणे एखादी ओळ लिहिली तरी ती कुणालातरी दाखवल्याशिवाय पुढे जात नाही, विचारलेल्याचं उत्तर आलं तरी तिला ते पुरत नाही. पार्वताबाईनेही भरला. पोरगा पाहून घेईल, असं तिने त्या दिवशी कुंताबाईला सांगून ठेवलं होतं, हे अनुपला फार मागून कळलं. भिंतीला भिंत लागून असूनही पार्वताबाई आता कुंताबाईला टाळून मागच्या दाराने पाण्याला जाते. अनुपकडून काही गेलं नाही. भरणा तिघींनी केला, आणि तिघींपैकी एकीनेही पावती मागितली नाही.